लेग डे नंतर चौथ्या दिवशीही जिना उतरवत नाहीये... दोन वर्कआउटमध्ये नक्की गॅप किती ठेवायचा?

खेकडा_चाल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पाय दुखतायत म्हणून लिहायला बसलो.

वय ३६, वजन ७८, डोंबिवलीकर, नोकरी दिवसभर खुर्चीवरची. दोन महिन्यांपूर्वी जिम लावलं. रात्री नऊला जातो, साडेदहाला घरी, जेवण, थोडा मोबाइल, झोपेपर्यंत साडेबारा होतात आणि सकाळी ७:१२ ची लोकल, म्हणजे सहाला उठणं आलंच. ट्रेनरने जे लिहून दिलंय ते असं: सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार लेग्ज, गुरुवार शोल्डर, शुक्रवार बायसेप ट्रायसेप आणि शनिवारी 'फुल बॉडी', रविवार सुट्टी. प्रत्येक दिवशी एका बॉडीपार्टचे १८-२० सेट (एका दमात सलग केलेली फेरी म्हणजे एक सेट) तरी होतात आणि शेवटच्या सेटला ट्रेनर डोक्यावर उभा राहून अजून दोन, अजून दोन करत हात थरथरेपर्यंत सोडत नाही.

प्रॉब्लेम असा की बुधवारी पाय मारले की शनिवारपर्यंत मांड्या दगड झालेल्या असतात, त्यावर पुन्हा शनिवारी स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका). परवा दादरचा पूल उतरताना कठडा धरून आडवा आडवा खेकड्यासारखा उतरत होतो तर मागून एक मावशी म्हणाल्या, "दादा पाय मोडलाय का, मग बाजूने चला ना". कमोडवर बसताना तर भिंतीला हात लावून देवाचं नाव घेतो.

ट्रेनर म्हणतो दुखतंय म्हणजे मसल बनतोय, त्यावरच मारायचं, दुखणं पळून जातं. ऑफिसातला एक जण म्हणतो ७२ तास हात लावायचा नाही. यूट्यूबवर एक ४८ म्हणतो, एक रोज करा म्हणतो. मला नक्की आकडा हवाय हो. आणि दुसरं म्हणजे वजनं वाढतच नाहीयेत, महिनाभर स्क्वॉट ४० किलोवरच अडकलाय, उलट आधी ४० किलो सलग आठ वेळा निघायचे ते गेल्या आठवड्यात सहाच वेळा निघाले. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोहे_विथ_शेव

जड सेट असेल तर दोन ते तीन मिनिटं, हलका असेल तर एक मिनिट पुरतं. मी मोबाइलवर टायमर लावतो.

खेकडा_चाल

@पोहे, अहो दोन सेटमधला नाही, दोन दिवसांमधला विचारतोय :)

पोहे_विथ_शेव

अरे हो. शीर्षक अर्धंच वाचलं. चालू द्या.

फिजिओताई

प्रॅक्टिसला अठरा वर्षं झाली, तुमच्यासारखे आठवड्याला दोन तीन तरी येतात माझ्याकडे म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायचा कंटाळा करू नका.

आधी ते "दुखतंय म्हणजे बनतोय" डोक्यातून काढा. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जे अंग आंबतं त्याला जिमवाले डॉम्स म्हणतात, ते २४ ते ७२ तासांच्या मध्ये सगळ्यात जास्त असतं आणि त्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही, ते तर व्यायाम संपल्यावर तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं, तुम्ही घरी पोचून ताट वाढून घेईपर्यंत संपला त्याचा विषय. दुखणं येतं ते स्नायूच्या आत झालेल्या बारीक इजेमुळे आणि त्यानंतरच्या सूज-दुरुस्तीमुळे, हा अंदाज १९०२ सालीच एका अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडला होता तरी आपल्या जिममध्ये अजून लॅक्टिक ॲसिडच चालू आहे.

आणि ही इजा मुख्यतः वजन उचलताना होत नाही, खाली सोडताना होते. सिंहगड चढून उतरलायत कधी? दम लागतो चढताना पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोंबलतात त्या उतरल्यामुळे, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचा भार पेलत असतो. स्क्वॉटमध्ये खाली बसता तेव्हा तेच होतं. पण जो दर रविवारी सिंहगड करतो त्याचं काही दुखत नाही, बरोबर? स्नायू एकदा मार खाल्ला की पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला तेवढा दुखत नाही आणि हा शहाणपणा काही आठवडे टिकतो. म्हणून दुखणं हे घड्याळ म्हणून फार बेभरवशाचं आहे. नवीन व्यायाम केला की भरपूर दुखतं आणि सवयीचा केला की काहीच दुखत नाही, पण वाढ दुसऱ्यातही होत असते.

आता आकडा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९५ साली एक साधा प्रयोग झाला, वेटलिफ्टिंगचा सराव असलेल्या तरुणांच्या एकाच हाताचा बायसेप मारायला लावला, बारा सेट, आणि दुसरा हात तसाच ठेवला. स्नायूत नवीन प्रोटीन बनण्याचा वेग चार तासांनी ५० टक्के वाढलेला, २४ तासांनी १०९ टक्के म्हणजे दुपटीच्याही वर, आणि ३६ तासांनी जवळपास पुन्हा नेहमीसारखा. नंतर १९९७ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्यांवर तसंच मोजलं तेव्हा ४८ तासांनीही तो एक तृतीयांश जास्तच होता. म्हणजे बांधकाम दीड ते दोन दिवस चालतं, सराव झाला की लवकर आटपतं. ते "४८ तास" बऱ्यापैकी इथेच बसतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, हे ठराविक कामासाठी. तुम्ही एका दिवसात वीस सेट तेही हात थरथरेपर्यंत केले तर त्याला ४८ तास पुरतील कशाला? शेवटची रेप (वजन एकदा वर-खाली करणं) निघेनाशी होईपर्यंत ताणलं तर सावरायला आणखी एक ते दोन दिवस जातात हे मोजून झालंय. तुमचा बुधवार शनिवारी संपलेला नसतो आणि त्याच्यावर दुसरा थर चढतो. तुमचे आठाचे सहा झाले तेच खरं लक्षण, दुखणं नाही.

लालमातीवाला

कोल्हापूरहून. ताईंनी लिहिलंय ते बरोबरच असेल पण आमच्याकडं हे ४८ तास कुणी पाळले न्हाईत बघा. मी सातवीपासून तालमीत, पहाटे चारला उठून मेहनत, संध्याकाळी पुन्हा. पाचशे बैठका म्हंजे काय लई झालं असं कुणी म्हणत नव्हतं. रोज. मग त्या हिशोबानं आमचे पाय कधीच गळून पडायला पाहिजे होते की.

खेकडा_चाल

@फिजिओताई इतकं लिहिल्याबद्दल खूप आभार. पण @लालमातीवाला म्हणतायत त्याचं काय? मला हाच प्रश्न पडतो, पैलवान रोज कसे करतात.

फिजिओताई

पैलवान दादांनाच विचारा ना, सातवीत तालमीत गेलात त्या पहिल्या दिवशी वस्तादांनी किती बैठका मारायला लावल्या? आणि दुपारी काय करायचात?

लालमातीवाला

हाहा ताईंनी बरोबर पकडलं. पहिल्या दिवशी वीस जोर वीस बैठका, तेवढ्यावर बास. मी जोशात होतो, पन्नास मारतो म्हटलं तर वस्तादांनी मानेला धरून माती उकरायला फावडं हातात दिलं. पुढं आठवड्याला पाच धा अशा वाढवत नेल्या, पाचशेला पोचायला तीन वर्षं गेली असतील. आणि दुपारी झोप, जेवल्यावर सक्तीची. कुणी जागा दिसला तर शिव्या. दूध, बदामाची थंडाई, तूप, आठवड्यातनं मटण. मोठी पोरं संध्याकाळी एकमेकांची अंगं रगडून द्यायची. आणि मैदानात मोठी कुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी नुसतं पाय मोकळं करायचं, वस्ताद आखाड्यात उतरू द्यायचे न्हाईत. आत्ता लिहिताना कळतंय की हेच तर ताई म्हणतायत.

फिजिओताई

तेच. बैठका स्वतःच्या वजनाच्या, वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने वाढवलेल्या, त्यांचं शरीर त्यातून रोजच्या रोज सावरतं. १४० किलोचा बार पाठीवर घेऊन रोज पाचशे नाही मारत कुणी. शिवाय त्यांचा दिवसभराचा धंदाच मेहनत आणि आराम हा आहे. तुमची ७:१२ ची लोकल आहे.

मीनाक्षी_काकू

मी ५३. डॉक्टरांनी हाडांसाठी वजनं उचला म्हणून सांगितलं, सुरुवातीला मुलगी हसायची आता तीच व्हिडिओ काढते. मी सोमवारी आणि गुरुवारी करते, फक्त दोन दिवस, दर वेळी पाय पाठ छाती सगळंच थोडं थोडं, चाळीस मिनिटांत आटपते आणि कुकर लावते. दीड वर्षात पाच किलोच्या डंबेलवरून घरातली गव्हाची २५ किलोची गोणी स्वतः सरकवायला लागले. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यात किमान दोन दिवसच स्नायूंचा व्यायाम सांगते, त्यामुळे रोज नाही केलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

एक मात्र मला धडा मिळाला तो सांगते. तीन महिन्यांनी ताकद भसाभस वाढली म्हणून मी उत्साहात वजन वाढवत गेले, मांड्या ठीक होत्या पण कोपर धरलं ते चार महिने सोडेना, पोळ्या लाटता येईनात. फिजिओ म्हणाल्या (या नव्हेत, आमच्या इथल्या) की सुरुवातीची ताकद बरीचशी मेंदू आणि नसा शिकतात त्याची असते, आणि स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन मागे रेंगाळत येतात, त्यांना रक्तपुरवठा कमी. स्नायू म्हणतो चल, टेंडन म्हणतो थांब.

नाईटशिफ्ट_नाना

झोप झोप झोप. कुणी बोलतच नाहीये त्यावर. साडेबारा ते सहा म्हणजे साडेपाच तास. मी चार वर्षं शिफ्ट केली आहे, त्याच वजनाला दिवसपाळीच्या आठवड्यात आठ निघायचे आणि रात्रपाळीच्या आठवड्यात पाच, व्यायाम तोच, जेवण तेच. सात तास झोप होत नसेल तर ४८ वर चर्चाच नको.

कट्टर_डाएटवाला

प्रोटीन किती जातं ते विचारलंत का कुणी? किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ७८ किलोला १.६ ने गुणा, रोज १२५ ग्रॅम. वरणभात पोळीभाजी खाऊन मसल रिकव्हर होणार नाही, सॉरी.

खेकडा_चाल

शाकाहारी आहे, अंडं चालतं. घरी वरण, भात, पोळी, भाजी, ताक. मोजलं नाही कधी पण १२५ च्या जवळपास पण नसणार. व्हे (प्रोटीन पावडर) घेऊ का? ट्रेनर त्याच्याकडचा डबा घे म्हणतोय पाच हजाराचा.

फिजिओताई

डाएटवाले, १.६ ही वरची रेघ आहे, त्याच्या पुढे वाढवून सहसा फायदा दिसत नाही असा तिचा अर्थ, त्याच्याखाली सगळं वाया जातं असा नाही. खेकडेबुवा तुम्ही ९५-१०० च्या आसपास आलात तरी पुष्कळ. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८, मूठभर शेंगदाणे ७-८, पन्नास ग्रॅम सुके सोयाबीन वड्या २५, उरलेलं वरण-उसळ-पोळी भरून काढते. व्हे वाईट नाही, दुधातलंच प्रोटीन आहे ते, पण जो माणूस व्यायाम लिहून देतो त्याच्याकडूनच डबा घ्यायचा का ते तुम्ही ठरवा.

आणि भात सोडू नका कुणाचं ऐकून. स्नायूतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा भरायला कार्ब्जच लागतात, नीट जेवलात तर साधारण दिवसभरात भरतो, उपाशी राहिलात तर दुसऱ्या दिवशी पाय रिकामे वाटतात आणि माणूस त्याला मसल रिकव्हर नाही झाला म्हणतो.

बर्फाळ_बाब्या

मी वर्कआउट झाला की ड्रममध्ये बर्फ टाकून दहा मिनिटं बसतो, दुसऱ्या दिवशी काहीच दुखत नाही. आणि फारच झालं तर एक पेनकिलर. करून बघ भावा.

फिजिओताई

बाब्या, दुखत नाही हे खरं, पण महिनोन्महिने प्रत्येक वेट ट्रेनिंगनंतर बर्फात बसणाऱ्यांचे स्नायू न बसणाऱ्यांपेक्षा कमी वाढलेले आढळलेत. लागोपाठ सामने असलेल्या खेळाडूला ठीक, तुला वाढवायचंय ना? पेनकिलरचंही तसंच, स्वीडनमध्ये तरुणांना आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन देऊन बघितलं, त्यांची वाढ कमी भरली. एखाद्या दिवशी घेतली तर काही बिघडत नाही, पण व्यायाम सोसावा म्हणून गोळी असं झालं तर व्यायाम जास्त होतोय. किडनीचा विषय वेगळाच.

साधा_माणूस_८१

किडनीवरून आठवलं म्हणून लिहितो, घाबरवायचं नाहीये. माझ्या मावसभावाने लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून एका जिममध्ये नाव घातलं, पहिल्याच दिवशी कुणीतरी चॅलेंज म्हणून दोनशे उठाबशा काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पाय दुखले, सगळे हसले. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून पॅन्टमध्ये जाईनात आणि लघवी काळ्या चहासारखी. काकांनी नशिबाने लगेच दवाखान्यात नेलं, पाच दिवस सलाईन. स्नायू इतका फुटला की त्यातला माल रक्तात उतरून किडनीवर आला, ऱ्हॅब्डो का काहीतरी म्हणाले. डॉक्टर म्हणाले एक दिवस अजून थांबला असतात तर डायलिसिसवर गोष्ट गेली असती. तर दुखणं वेगळं आणि हे वेगळं.

फिजिओताई

फार महत्त्वाचं लिहिलंत. ऱ्हॅब्डोमायोलिसिस. सूज, प्रचंड अशक्तपणा आणि गडद लघवी दिसली की फोरमवर विचारत बसायचं नाही, थेट दवाखाना. नवखा माणूस, मोठ्या सुट्टीनंतर परत आलेला माणूस आणि मार्चनंतरचा उकाडा, या तिघांत जास्त दिसतं.

खेकडेबुवा, आता तुमच्यासाठी. तुमच्या छातीचे समजा १८-२० सेट होतात ते एकट्या सोमवारी. त्यातले शेवटचे सहा सात तुम्ही नुसते ढकलत असता, स्नायू कधीच संपलेला असतो. तेच आधी १२ वर आणा आणि चार चार असे तीन दिवसांत वाटा. आठवड्याची एकूण बेरीज सारखी असेल तर ती दोन दिवसांत केली की तीन, वाढीत फारसा फरक पडत नाही असं अभ्यासांत दिसतं, पण दुखण्यात पडतो आणि प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो. सोमवार गुरुवार शनिवार धरा, दर वेळी सगळं अंग. शेवटची एक दोन रेप्स पोटात ठेवून बार खाली ठेवा, थरथर नको. जिथे सगळ्यात जास्त वजन जातं ते स्क्वॉट-डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) एका दिवशी जड आणि पुढच्या दिवशी हलके.

आणि एक वही घाला. त्यात तारीख, वजन, रेप्स, आदल्या रात्रीची झोप. थोडं दुखतंय पण दहा मिनिटं वॉर्मअप केल्यावर मोकळं वाटतंय आणि मागच्या वेळेइतकं तरी निघतंय तर करा. वॉर्मअपनंतरही आखडलेलंच आहे, पहिल्याच सेटला दोन रेप्स कमी, तर त्या दिवशी निम्मं करून घरी या.

आगाऊ_पोपट

एवढं सगळं लिहून आकडा नाहीच दिलात ताई :D

फिजिओताई

दिला की. ४८ तास, वाजवी व्यायाम केला असेल तर. वीस सेटवाल्यांसाठी पंचांग बघावं लागेल.

लालमातीवाला

वही म्हंजे आमचे वस्ताद. तोंडाकडं बघूनच सांगायचे, आज तू न्हाई, बस बाजूला.

खेकडा_चाल

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, रिपोर्ट द्यायचा राहिला होता.

सोम-गुरु-शनि चालू केलं. पहिल्या आठवड्यात घरी येताना काहीच केलं नाही असं वाटायचं, चोरी केल्यासारखं, ट्रेनरचं तोंड वाकडं झालं ते अजून तसंच आहे, "सर आजकाल कमीच मारताय". डबा घेतला नाही त्याचाही राग असेल. वहीतली पानं अशी: पहिल्या सोमवारी स्क्वॉट ४० किलो ७. गुरुवारी मुद्दाम हलकं, ३०. शनिवारी ४० चे ८. दुसऱ्या सोमवारी ४२.५ चे ८, आणि नंतर एक शिल्लक वाटत होता तरी खाली ठेवला. मधल्या गुरुवारी मेगाब्लॉक नसतानाही लोकल रखडली, झोप चार तास, तेव्हा ३० सुद्धा जड गेलं म्हणून निम्मं करून परत आलो आणि वाईट वाटलं नाही. परवा ४५ चे सहा निघाले. नानांच्या सांगण्याप्रमाणे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावून झोपतो, साडेअकराला डोळे मिटतात, साडेसहा तास होतात, सात काही होत नाहीत.

सोयाबीन वड्यांची भाजी बायकोला आवडलेली नाही. मुलाला आवडली.

काल दादरचा पूल कठडा न धरता उतरलो. शनिवारच्या स्क्वॉटनंतर रविवारी संध्याकाळी मात्र मांड्यांना थोडी जाणीव असते अजून, पण सोमवारी वॉर्मअपला जाते.

@लालमातीवाला ती बदामाची थंडाई कशी करायची ते टाका ना, आणि किती बदाम ते पण.

लालमातीवाला

तुम्हाला धा बदाम बास. आमचं माप सांगत न्हाई, उगीच ताई ओरडतील. रात्री भिजत घाला, सकाळी सालं काढून पाट्यावर, मिक्सर नको, त्यात खसखस, बडीशेप, चार मिरी, एक वेलदोडा, गार दुधात कालवायचं. साखर बेतानं. आणि पिऊन पडायचं तासभर... ७:१२ च्या लोकलमध्ये जागा मिळाली तर.